अमावस्येला जिनिंग बंद असते

फॉर्म अकरा पानांचा होता. त्यात बेचाळीस प्रश्न होते आणि शेवटी सहीसाठी दोन रेघा, एक मालकाची, एक माझी. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा होऊन तीनेक वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्यात कारखाने किती, तिथं माणसं कशी काम करतात, कुणाला लागतं-बिगतं का, याची पाहणी करायचं काम औरंगाबादच्या एका संस्थेनं घेतलं होतं. त्यांना गाडी चालवता येणारी आणि अक्षर बरं असलेली माणसं हवी होती. मी बी.ए. झालेली, बी.एड.ला दोनदा नंबर न लागलेली, आणि माझ्याकडं लूना होती. घरात आई आणि मी. माझ्या लग्नाचा विषय कुणी काढला की मी जे तोंड करायची ते पाहून लोकांनी विषय काढणंच सोडून दिलं होतं. मुळात मी तिरसट. गोड बोलणं मला जमत नाही, आणि या कामाला गोड बोलायची गरज नव्हती. प्रश्न छापलेले होते, ते वाचायचे आणि उत्तर लिहायचं.

कारखाने म्हणजे कापसातली सरकी काढायची जिनिंग, डाळमिल, खडी फोडायची क्रशर, वीटभट्ट्या, दोन-तीन वेल्डिंगची दुकानं. फॉर्म ज्यानं तयार केला त्यानं यातलं काहीच पाहिलं नसावं. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार होता सगळा. प्रश्न चौदावा : कामगारांना सुरक्षा बूट दिले जातात का? सेनगावच्या रस्त्यावर एका डाळमिलमध्ये मी हा प्रश्न विचारायच्या आधीच मालकानं मला दारात अडवलं. "ताई, चपला बाहेर." मशीन म्हणजे लक्ष्मी, तिच्यासमोर पायात काही घालून जायचं नाही. आत सगळे अनवाणी होते, मालकसुद्धा. मी अनवाणी उभी राहून 'नाही' असं लिहिलं. प्रथमोपचार पेटी आहे का? आहे. दाखवा. किल्ली मुनीमजीकडं. मुनीमजी जेवायला गेलेले. तासाभरानं पेटी उघडली तर आत उदबत्तीचा पुडा, कुंकवाची डबी आणि वाळून दगड झालेली मलमाची एक ट्यूब. फॉर्ममध्ये पेटी आहे का एवढंच विचारलं होतं, पेटीत काय आहे ते विचारलं नव्हतं. मी 'आहे' लिहिलं.

क्रशरच्या मालकाला मी धुळीच्या मास्कचं विचारलं. तो म्हणाला, "मास्क लावल्यावर पोरं पान थुंकतील कुठून?" आणि स्वतःच हसला. आसपासच्या झाडांची पानं पांढरी झाली होती आणि माणसांच्या पापण्यासुद्धा. मी प्रश्नाच्या पुढं 'नाही' लिहून पान उलटलं.

पहिले दोन आठवडे मला राग यायचा. घरी येऊन मी आईला एकेक किस्सा सांगायची आणि ती कपाळाला हात लावायची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सांगणं बंद झालं. पुढंपुढं मला काही वाटेनासंच झालं. समोरच्या माणसाला दोन बोटं नाहीत हे दिसायचं, आणि मनात एवढंच यायचं की हे एकतिसाव्या प्रश्नात जाईल. याचं कारण मला तेव्हा सापडलं नाही आणि आजही नक्की सांगता येणार नाही. दर शनिवारी औरंगाबादहून आमचे साहेब फॉर्म न्यायला यायचे. चांगला माणूस होता, पण त्याचं एकच पालुपद असायचं. "मॅडम, कोरं काही सोडू नका आणि फॉर्मच्या बाहेरचं काही लिहू नका. कॉम्प्युटर घेत नाही."

डोंगरकड्याच्या पुढची ती जिनिंग मी हिवाळ्यात केली. कापसाचा ऐन हंगाम होता. गाड्या लागलेल्या, आवारात कापसाचे ढीग, आणि आत तांड्यावरच्या बाया एकेका मशीनपुढं उभ्या राहून कापूस लोटत होत्या. मालकानं मला खुर्ची दिली, चहा दिला, दुपारचं ऊन म्हणून पंखा माझ्याकडं वळवला. सगळ्या जिल्ह्यात एवढं सरळ बोलणारा मालक मला भेटला नव्हता. वाळूच्या बादल्या होत्या. पेटीत खरोखर पट्ट्या होत्या. प्रश्न एकतिसावा : गेल्या बारा महिन्यांत कामाच्या वेळेत झालेले अपघात. तो म्हणाला, "एकही नाही." मी शून्य काढलं. बाकी प्रश्न संपवले, त्यानं सही केली, मीही केली.

बाहेर नळावर पाणी प्यायला थांबले तर एक बाई हंडा भरता भरता हळूच म्हणाली, "ताई, त्या हाताचं लिवून घेतलं का?"

"कुणाच्या हाताचं?"

तिनं मागं वळून पाहिलं, हंडा अर्धाच उचलला आणि तांड्याचं नाव सांगून निघून गेली.

मी कुणाचं भलं करायला त्या तांड्यावर गेले नाही, हे स्पष्ट सांगते. मला राग आला होता. खोटं बोललेलं मला चालतं, रोज तेच ऐकत होते. पण पंखा माझ्याकडं वळवून मला मूर्ख बनवलं हे मला खपलं नाही. दोन दिवसांनी लूना काढली आणि गेले.

ती माझ्याच वयाची होती. उजवा हात कोपराच्या खाली नव्हता. सासरा दारात बसलेला, वाळलेला, टोपी घातलेला म्हातारा. त्यानं मला बाज टाकून दिली आणि तो तिथंच बसून राहिला. मी विचारलं, कधी झालं, कसं झालं. ती म्हणाली, "मागल्या शिमग्यात, जिनिंगवर झालं. घंटी ऐकू आली न्हाई." यापुढं काहीच नाही. तिनं डाव्या हातानं चूल पेटवली, डाव्या हातानं चहाचं भांडं ठेवलं. साखर घालताना थोडी सांडली. म्हातारा दूध बघतो म्हणून उठून गेला आणि तो दिसेनासा झाल्याबरोबर ती बोलायला लागली. इतक्या भराभर बोलली की मला मध्ये दोनदा थांबवून विचारावं लागलं.

तिनं सांगितलं ते असं. जिनिंगच्या मोठ्या खोलीखाली कमरेइतकी खोल नाली असते. त्या नालीतून एक लांबलचक लोखंडी दांडा फिरतो आणि त्याच्यावरच्या पट्ट्यांनी वरची सगळी मशिनं चालतात. नालीत कापसाचा कचरा साठतो, तो वेळच्या वेळी काढावा लागतो, नाहीतर आग लागायची भीती. अमावस्येला जिनिंग बंद असते, म्हणून त्या दिवशी ही साफसफाई. वाकून आत जायचं काम बायांचं. दुपारी मुकादम घंटी वाजवतो, सगळे वर येतात, मशीनला हळदकुंकू, नारळ. मग बटण दाबून मशीन एकदा रिकामी फिरवतात, पूजेचा एक फेरा. फेरा झाला की प्रसाद.

बटण दाबायच्या आधी मुकादम दारातल्या चपला मोजतो. सकाळी जेवढे आले तेवढे जोड दारात असले की सगळे आत पूजेला आहेत असं धरतो. पूजेला न येणाऱ्या बायाही असतातच, महिन्यातून कुणाची ना कुणाची वेळ असतेच. त्या चपला घालून शेडच्या मागं जाऊन बसतात. चपलांचे दोन जोड कमी भरले तर मुकादम समजतो, काही विचारत नाही. विचारायची गोष्टच नाही ती. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं आणि कधी चुकलं नव्हतं.

"माझी पाळी व्हती ताई," ती म्हणाली. आवाज एवढा खाली आणला की मला वाकावं लागलं. "सकाळीच आली. शेडमागं जाऊन बसले असते, पन त्या दिवशी गाड्यावाले तिकडंच जेवून राहिले व्हते. समद्यायनी पाह्यलं असतं. म्हनून खालीच बसून राहिले, नालीत, कोपऱ्याला. एक फेरा फिरवत्यात ते मला माहीत व्हतं. मी बाजूला व्हते. पदर तेवढा मागं राह्यला."

आणि चपला? चपला दारात होत्या. सकाळी नालीत उतरताना काढून ठेवलेल्या. खालचा दांडाही लक्ष्मीच, तिथंही अनवाणीच जायचं. मुकादमानं चपला मोजल्या, सगळ्या बराबर भरल्या. त्यानं बटण दाबलं.

मला काय वाटलं? काही वाटलं नाही. मी विचार करत होते की फॉर्ममध्ये हे कुठं बसेल. म्हातारा दूध घेऊन आला आणि ती गप्प झाली. चहा घेतला. चांगला झाला होता.

तिथून मी पुन्हा जिनिंगवर गेले. मालक जराही गडबडला नाही. "ताई, तुम्ही कामाच्या वेळेतलं विचारलं. ती अमावस्या होती. अमावस्येला जिनिंग बंद असते, हजेरीसुद्धा नसते. नांदेडला दवाखाना मीच केला, माणुसकी म्हणून केला. घंटी वाजवली होती. तिच्या चपला दारात होत्या, म्हणजे ती वर आली होती. सगळे पूजेत असताना ती परत खाली काहून गेली, ते तिला विचारा." मग म्हणाला, "नालीत चांगला कापूसबी पडतो."

म्हणजे चोरी करायला गेली. तिनं पोलीस पाटलाला सांगितलं होतं की घंटी ऐकू आली नाही, आणि ती घंटी पार गावात ऐकू जाते. त्यामुळं ती खोटारडी ठरली होती. ती खोटारडी का ठरली, चपला दारात कशा, सकाळपासून ती वर आलीच का नाही, या सगळ्याचं एकच उत्तर होतं आणि ते मला माहीत होतं. मी मालकाला ते सांगितलं नाही. आजवर कुठल्या पुरुषासमोर मी तो शब्द उच्चारला नव्हता. आमच्याकडं 'बाजूला बसलीय' म्हणतात, 'कावळा शिवला' म्हणतात, आणि तेही बाया बायांतच. शनिवारी साहेबांना मी फक्त अमावस्येचं सांगितलं. ते म्हणाले, "हजेरी नसते ना? मग शून्यच बरोबर आहे." शून्य तसंच राहिलं. फॉर्म औरंगाबादला गेला. पाहणी संपली, मला प्रमाणपत्र मिळालं आणि पुढच्या जूनमध्ये एका खाजगी शाळेत शिकवायला लागले.

दीड वर्षानं तो म्हातारा आमच्या दारात आला. आईला वाटलं कुणी मदत मागायला आलाय. मी ओळखलं. त्यानं बसायला नकार दिला, उभ्यानंच बोलला. सुनेच्या भरपाईचा दावा लावलाय, परभणीला. वकील म्हणतो मालकाचं सगळं एकाच गोष्टीवर चाललंय, की ती पूजेतून उठून कापूस चोरायला खाली गेली. ती सकाळपासून खालीच होती हे दाखवता आलं तर दावा उभा राहतो. नाहीतर हात गेला तो गेला, वरून चोरटी म्हणून नाव.

"ती म्हनती, काहून वर आली न्हाई ते मी त्या येळीच ताईला सांगितलं हाय. आमाला सांगत न्हाई. वकिलालाबी नीट सांगत न्हाई. म्हनती, ताई सांगतील. तुमी येताल का?"

मी म्हटलं, येते. शाळेतून रजा घेतली. येते म्हणताना मला चांगलं वाटलं होतं, हेही सांगून टाकते. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं होतं.

परभणीच्या एसटीत मी ते वाक्य मनाशी म्हणून पाहिलं. तिची पाळी आली होती, म्हणून ती पूजेला वर आली नाही. दहा शब्द. वर्गात पोरांसमोर याहून अवघड वाक्यं मी रोज बोलायचे. जिंतूरपर्यंत ते पाठ झालं.

सुनावणीची खोली लहान होती. टेबलामागं अधिकारी, बाजूला लिहून घेणारा कारकून, दोघांचे वकील, मालक, मुकादम, आणि त्यांच्यासोबत आलेले आणखी तीन-चार जण. ती भिंतीला टेकून उभी होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. सासरा सगळ्यात मागं, दाराजवळ. बाया आम्ही दोघीच. मालकानं मला नमस्कार केला. मीही केला.

तिच्या वकिलानं मला माझं काम विचारलं, तांड्यावर कधी गेले ते विचारलं. मग म्हणाला, "त्या वर का आल्या नाहीत, हे त्यांनी तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं?"

मी तोंड उघडलं. कारकुनानं पेन कागदावर टेकवलं. हा आता तो शब्द लिहिणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मुकादम नखं पाहत होता. अधिकाऱ्यानं चष्मा काढला. मी मागं म्हाताऱ्याकडं पाहिलं, टोपी हातात घेऊन उभा होता. त्याच्यासमोर, सुनेबद्दल, मी हे बोलायचं?

"तसा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता," मी म्हटलं.

"फॉर्मचं सोडा," अधिकारी म्हणाला. "सांगितलं होतं की नाही?"

"नाही."

कारकुनानं लिहिलं. वाचून दाखवलं. मी सही केली. सही नेहमीसारखी आली. मालकाच्या वकिलानं मला एकही प्रश्न विचारला नाही, कशाला विचारेल? आपण उठून बाहेर आलो की झालं, असं मला वाटत होतं. दुखलं नाही, लाज वाटली नाही. दाढ काढताना सुई दिल्यावर गाल असतो तसं सगळं अंग झालं होतं.

बाहेर लिंबाखाली चहाची गाडी होती. ती माझ्यामागून आली. सासरा आत वकिलाशी बोलत थांबला होता. मला वाटलं ती रडेल किंवा ओरडेल. मी तयारी ठेवली होती, काय काय बोलायचं तेही ठरवलं होतं.

"ताई, काहून न्हाई सांगितलं?" तिनं साधंच विचारलं, बस काहून चुकली असं विचारावं तसं.

"तुझे सासरे होते ना तिथं," मी म्हटलं. "म्हटलं, त्यांच्यासमोर तुला कसंतरी होईल. तुझ्यासाठीच गप्प बसले मी."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी हे खरंच बोलतेय का, ते बहुतेक तिला कळत नसावं.

"मामंजीला मी कालच समदं सांगितलं ताई," ती म्हणाली. "म्हनलं, उद्या ताई भर खोलीत असं असं बोलतील. तुमी मान खाली घालू नका, न्हाईतर ताईला बोलायला जड जाईल. ते म्हनले, न्हाई घालनार."

आणि त्यानं घातली नव्हती. मी मागं वळून पाहिलं होतं तेव्हा त्या खोलीत तो एकटाच माणूस सरळ माझ्याकडं पाहत होता.